दारू लपली नव्हती, लपवला तो उपचार

एका वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात :

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत राहणारे, वय सत्तेचाळीस. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. अठरा वर्षं दारू प्यायले. शेवटची चार वर्षं तर सकाळी नाइन्टी पोटात गेल्याशिवाय चहाचा कप हातात धरता येत नव्हता. गेल्या वर्षी बायकोनं आणि मेव्हण्यानं पुण्याकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. तिथं पस्तीस दिवस राहिले. आता दारू बंद होऊन चौदा महिने झाले आणि दर आठवड्याला ते दारू सोडलेल्यांच्या गटाच्या मीटिंगला जातात. यंदा तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, पोरांनी गणपतीत पाचव्या दिवशी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरवलाय : यांचा सत्कार, मग यांचं भाषण, मग सगळ्यांनी मिळून शपथ. यांना बोलायचं आहे. "माझ्यामुळं एक जरी सुटला तरी त्या अठरा वर्षांचं काहीतरी चीज झालं." बायकोचा मात्र ठाम नकार. मुलगी बावीस वर्षांची, तिला स्थळं बघणं चालू आहे. बायको म्हणते, "तुम्ही प्यायचा तवा मान खाली घालून चाललो मी. आता सुधारलाय, तर परत खाली घालायला लावताय व्हय?" ते विचारतात : बोलू का गप्प बसू? आणि गप्प बसलो तर मी भित्रा ठरत नाही का?

दादा,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ती तुम्ही सहज लिहून गेलाय. केंद्रात होता त्या पस्तीस दिवसांत वहिनींनी शेजारीपाजारी सांगितलं की "कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलंय."

आता मला सांगा, त्याआधीची अठरा वर्षं पेठेपासून काही लपलं होतं का? तुम्हाला रिक्षातून उतरवून घरात आणून टाकणारे शेजारीच होते, असं तुम्हीच लिहिलंय. किराणा दुकानातली थकलेली उधारी, मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीचा तमाशा, सगळं गल्लीला पाठ आहे. दारू लपवायला कोणी गेलंही नाही. तुमच्या घरानं आटापिटा करून जी गोष्ट लपवली, ती म्हणजे तुम्ही बरं व्हायला गेला होता ही.

वहिनींना दोष देत नाही. त्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं. आपल्याकडची रीतच तशी आहे. "बसायचं का?" हे आपण भर रस्त्यात ओरडून विचारतो. रविवारचं रस्सा मंडळ (मित्रांचं मटण-रश्श्याचं जेवण), शेतावरची पार्टी, मित्राचा वाढदिवस, विसर्जनाची रात्र, यात कोणी आवाज खाली घेत नाही. पण "केंद्रात होता" हे शब्द कुजबुजत म्हणायचे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं १९८६ साली. महाराष्ट्रात हे काम इतकी वर्षं उघडपणे चालू आहे, तरी व्यसनमुक्ती केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बंद खोली आणि मारझोडच येते.

त्याचा परिणाम काय होतो बघा. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूचं पुरतं व्यसन लागलेल्या दर ३८ जणांमागं जेमतेम एकानं कुठलातरी उपचार घेतल्याचं सांगितलं. तो एक तुम्ही आहात, दादा. बाकीचे सदतीस मांडवात खुर्च्यांवर बसलेले असतील, आणि त्यांना काय सांगायचं हा खरा प्रश्न आहे.

म्हणून आधी कार्यक्रमाबद्दल बोलते, तुमच्या भाषणाकडं मग येते.

असे कार्यक्रम मी पुष्कळ बघितलेत. काळ्या पडलेल्या लिव्हरचे फोटो, एखादं पथनाट्य, पाहुण्यांचं "तरुणांनो, जागे व्हा", आणि शेवटी हात पुढं करून शपथ. आयोजकांच्या मनात वाईट काही नसतं. पण दारू वाईट आहे हे तिसऱ्या रांगेत बसलेल्या पिणाऱ्याला त्या पाहुण्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतं ते वेगळंच. सोमवारी सकाळी कुठं जायचं? कुठल्या डॉक्टरला भेटायचं? खर्च किती? नोकरी जाईल का? मारतील का? आणि सगळ्यात मोठी भीती, दारू बंद केली की अंगाचं जे काय होतं ते सहन कसं करायचं? चौदा महिन्यांपूर्वी तुम्हालाही हेच प्रश्न पडले असणार. यांची उत्तरं ज्या कार्यक्रमात मिळत नाहीत, तिथून माणूस जास्त शरमून घरी जातो आणि ती शरम मारायला पुन्हा पितो.

शपथेबद्दल तर मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण ती मी घरात भोगलेली आहे.

माझा मामा करवीर तालुक्यातल्या एका गावात राहायचा. ऊस, गुऱ्हाळ, म्हशी, सगळं ठीकठाक. पिणं रोजचं, सकाळपासूनचं. चैत्र यात्रेहून आल्यावर आजीनं त्याला जोतिबाचा गुलाल लावून शपथ घातली आणि मोह नको म्हणून गुऱ्हाळाच्या मागच्या खोलीत ठेवला. मामानं शपथ मनापासून घेतली होती. पहिल्या रात्री त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले. दुसऱ्या दिवशी फीट आली. नंतर तो अंगावरच्या नसलेल्या मुंग्या वेचायला लागला, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाला. घरच्यांना वाटलं, कोणीतरी काहीतरी केलंय. देवऋषी आला. त्यात अर्धा दिवस गेला. मग एका पाहुण्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला. डॉक्टरांनी आजीला विचारलं, "दारू एकदम बंद केली का?" आजी अभिमानानं हो म्हणाली. तिला कळेचना की डॉक्टर चिडले का. मामा शपथ मोडून प्यायला असता तर त्याची ही गत झाली नसती, हे समजायला मला स्वतःला फार वर्षं लागली.

जो रोज भरपूर पितो, ज्याचे सकाळी हात कापतात, त्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, ताप चढतो, आणि उपचार नसतील तर जीवही जाऊ शकतो. दवाखान्यात त्यासाठी गोळ्या देतात, त्या हळूहळू कमी करत नेतात आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात. काही दिवसांत माणूस यातून बाहेर पडतो. तुम्हीही यातून गेलाय. मग विचार करा, तुमचं भाषण ऐकून भारावलेला कोणी त्या रात्री घरी जाऊन स्वतःला कोंडून घेईल तर? म्हणून तालमीला सांगा, कार्यक्रमात शपथ नको. घ्यायचीच असेल तर "मी उद्या डॉक्टरांना भेटेन" एवढीच घ्या.

माळ घालून सुटलेले लोकही मी बघितलेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. श्रद्धेचा आधार मोठा असतो. त्यांनीही पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली काढावा, एवढंच माझं म्हणणं. आणि श्रावण पाळता येतो म्हणजे व्यसन नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्याला श्रावण संपल्याच्या पहिल्या दिवसाबद्दल विचारावं.

आता तुमच्या भाषणाकडं येते.

तुम्ही लिहिलंय, "माझी कहाणी." दादा, ती एकट्या तुमची आहे का? निकालाच्या दिवसाचा प्रसंग तुम्ही स्टेजवर सांगाल, लोक हळहळतील, टाळ्याही देतील. पण त्या प्रसंगात वहिनी आहेत, दार बंद करून आत रडणारी मुलगी आहे. ती रात्र तुम्हाला निम्मीच आठवते, त्या दोघींना पुरती आठवते. तुम्ही तोंड उघडलं की त्याही स्टेजवर येणार, त्यांची इच्छा असो वा नसो. तेव्हा वहिनींचा नकार हा "लोक काय म्हणतील" एवढाच आहे असं समजू नका. स्वतःच्या वाट्याचं दुःख कोणी, कधी, कुणापुढं सांगायचं हे ठरवण्याचा हक्क त्या मागतायत. तो त्यांना आहेच.

तुम्ही मीटिंगला जाता, म्हणजे हे तुम्हाला माहीत असेल. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत झाली. वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा अशा ठिकाणी सदस्यानं स्वतःची ओळख उघड करायची नाही हे तत्त्व तिथं आजही पाळतात. ते भित्रेपणापायी नव्हे. एखादा माणूस या चळवळीचा चेहरा झाला आणि उद्या तोच घसरला, तर त्याच्याकडं बघून आलेल्या दहाजणांचा धीर सुटतो. आणि आता तर पाचव्या दिवशीचं तुमचं भाषण सहाव्या दिवशी मोबाइलवर आजऱ्यापासून इचलकरंजीपर्यंत फिरेल. मांडवातल्या दीडशे माणसांपुढं बोलायला तुम्ही तयार आहात. पण त्या बाकीच्यांपुढं?

मला याहून जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. चौदा महिने ही मोठी कमाई आहे. पण पाय घसरण्याचे प्रसंग या आजारात पुष्कळांच्या वाट्याला येतात, आणि तसं झालं की माणसाला वाचवते ती एकच गोष्ट : लगेच फोन उचलून "स्लिप झाली" असं कुणालातरी सांगणं. ज्याला शाल, फेटा, नारळ देऊन "पेठेचा आदर्श" म्हटलंय, त्याला तो फोन करणं किती जड जाईल बघा. सत्कार स्वीकारलात तर सगळ्यात आधी ही वाट बंद होईल. बोलायचं की नाही हे नंतर बघा, पण शाल-फेटा कुठल्याच परिस्थितीत घेऊ नका असं माझं मत आहे. आणि उत्तर काहीही असलं तरी तुमच्या समुपदेशकाला आणि मीटिंगमधल्या जुन्या माणसांना आधी विचारा. पत्रात त्यांना विचारल्याचं दिसत नाही.

वहिनींसाठीही दोन शब्द लिहिते, हा अंक त्यांच्या हातात द्या.

वहिनी, गप्प राहिलं की पोरीचं भलं होईल, हे मला पटत नाही. स्थळ आलं की पाव्हणे चौकशी कुठं करतात? पानपट्टीवर, दूध डेअरीवर, तालमीच्या कट्ट्यावर. "बाप पितो" हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळणार, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. "बापानं उपचार घेतला, चौदा महिने शिवलेला नाही" हे मात्र कोणी सांगणार नाही, कारण ते तुम्ही कोणाला सांगितलेलंच नाही. म्हणजे लपवून झाकलं गेलं ते चांगलं, वाईट उघड्यावरच राहिलं. स्टेजची गरज नाही. पण बोलणी पुढं सरकली, सुपारी फुटायच्या आधी, घरातल्या घरात चार माणसांत दादांनीच शांतपणे सांगावं : "मला हा आजार होता, मी उपचार घेतला, आजही घेतोय." हे ऐकून जे उठून जातील, ते लग्नानंतर कुठूनतरी कळलं असतं तर पोरीला काय बोलले असते?

आणि तुम्हा दोघांनाही विचारते. इतक्या लांब पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीतही नाही. स्टेजवर जायचं की नाही यावर घरात महिनाभर वाद चाललाय, तिच्या लग्नाचं नाव घेऊन. तिला कोणी विचारलं का? बावीस वर्षांची आहे. कदाचित ती आईसारखंच म्हणेल. कदाचित म्हणेल, "पप्पा, बोला." कदाचित तिला या विषयावर अजून एकदाही कोणापाशी मन मोकळं करता आलेलं नसेल, आणि स्टेजपेक्षा ते जास्त महत्त्वाचं असेल. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी वेगळे गट असतात, अल-ॲनॉन १९५१ पासून हेच काम करतं. दादा मीटिंगला जातात तसं तुम्ही दोघी कुठं जाता, वहिनी?

तर माझा सल्ला असा, दादा. यंदा स्टेजवर जाऊ नका, पण कार्यक्रम मात्र सोडू नका. तो बदलून घ्या.

तालमीच्या पोरांना सांगा, पाहुणा म्हणून पुढाऱ्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञ बोलवा. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं जाऊन विनंती करा. डॉक्टरांनी वीसच मिनिटं बोलावं, आणि वर लिहिलेल्या सोमवार सकाळच्या प्रश्नांवरच बोलावं. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्या. हात वर करून कोणी विचारणार नाही. मांडवाच्या खांबावर दोन नंबर मोठ्या अक्षरांत लावा आणि गणपती गेल्यावरही तालमीच्या फळ्यावर राहू द्या : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, जो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं, आणि केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६. तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर फळ्यावर लावू नका. रात्री एक वाजता प्यायलेल्या माणसाला एकट्यानं भेटायला जाणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे. जायचंच झालं तर मीटिंगमधला आणखी एक जण बरोबर घेऊन, दोघं मिळून.

बायकांसाठी वेगळी दुपार ठेवा. मदत शोधायला पहिली बाहेर पडते ती बहुतेक घरांत आई नाहीतर बायकोच, आणि रात्री दहाला भरलेल्या मांडवात ती तोंड उघडणार नाही. बचत गटाच्या बैठकीला जोडून घेतलंत तर येतील. तिथं मिश्रीचाही विषय निघू द्या, म्हणजे व्यसन फक्त पुरुषांचं असतं असं कोणाला वाटणार नाही. आणि हे आवर्जून सांगा : जेवणात किंवा चहात नकळत औषध मिसळून दारू सोडवायच्या फंदात पडू नका. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेतू शकतं. ती त्याला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

तालमीच्या वस्तादांना मात्र माझ्या वतीनं एक रोखठोक प्रश्न विचारा. पाचव्या दिवशी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आणि विसर्जनाच्या रात्री ट्रॅक्टरच्या मागं क्वार्टर, हे चालणार आहे का? पोरं वस्तादांचं ऐकतात. त्यांनी एकदा "यंदा आपल्या मिरवणुकीत नाही" म्हटलं तर ते दहा भाषणांना भारी पडेल.

आणि रविवारचं काय? उपचार घेऊन परत आलेल्या माणसाचे सगळ्यात अवघड दिवस रविवार आणि सुट्टीचे. जुने मित्र रस्सा मंडळाला बोलावत नाहीत, नाहीतर बोलावतात आणि समोर ग्लास भरतात. तुम्हालाही हा अनुभव असणार, पत्रात तुम्ही "दोस्त राहिले नाहीत" एवढंच लिहून पुढं गेलाय. तालमीनं महिन्यातून एक रविवार बिनबाटलीचं रस्सा मंडळ लावावं. मटण तेच, तांबडा-पांढरा तोच, चूल तीच. नाव "व्यसनमुक्त" वगैरे देऊ नका, कोणी फिरकणार नाही. तिथं तुमच्या शेजारी पानावर बसलेला एखादा हळूच विचारेल, "तुम्ही कसं सोडलं?" त्याला सगळं सांगा. तिथं माईक नसेल आणि वहिनींचीही हरकत नसेल, असं मला वाटतं.

इतर वाचकांपैकी जे केंद्र शोधतायत त्यांच्यासाठी. मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली झाला, त्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारही येतात. केंद्राची त्या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे आधी विचारा आणि कागद बघायला मागा. डॉक्टर केव्हा येतात, रात्री फीट आली तर काय करता, घरच्यांना भेटू देता का, हे विचारा. माणसाला साखळीनं बांधायला या कायद्यानं साफ मनाई आहे. "रात्री गाडी पाठवून उचलून नेतो, तुम्ही फक्त पैसे भरा" म्हणणाऱ्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून बघा, कारण मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं विमा द्यावा असं याच कायद्यात म्हटलंय. आणि सगळ्यांनाच दाखल व्हावं लागतं असं नाही. पुष्कळांचे उपचार बाह्यरुग्ण विभागातून, गोळ्या आणि समुपदेशनावर होतात. नोकरी जाईल म्हणून जे थांबलेत त्यांनी हे तर जरूर विचारावं.

भित्रेपणाचं विचारलंत म्हणून सांगते. ज्या माणसानं सकाळची नाइन्टी बाजूला ठेवून पस्तीस दिवस अनोळखी ठिकाणी काढले, परत येऊन त्याच पेठेत, त्याच वाटेवरच्या त्याच दुकानापुढून रोज कामाला जातोय, त्यानं एक भाषण केलं नाही म्हणून तो भित्रा ठरत नाही. पुढच्या काही वर्षांत घरच्या तिघांचंही एकमत झालं तर जरूर बोला. तेव्हा निकालाच्या दिवसाचा प्रसंग वगळा आणि केंद्रातला पहिला आठवडा सविस्तर सांगा. लोकांना तोच माहीत नाही.

शनिवारी तालमीची बैठक आहे म्हणालात. त्याआधी, शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून मुलीजवळ बसा. वहिनींनाही बसू द्या. तुम्ही फक्त विचारा, आणि ती बोलत असताना मधे बोलू नका. ती काय म्हणाली ते मला कळवलंत तर बरं वाटेल.